मिठाईच्या काउंटरवरचं बोलणं कसं सुधारायचं

हल्ली दुकानात कुणी धड बोलत नाही, ही तक्रार घराघरांत ऐकू येते. मालकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आजकालची पोरं तशीच.’ उत्तर सोयीचं आहे, कारण त्यात मालकाला काहीच करावं लागत नाही. पण काउंटरजवळ दिवसभर उभं राहून ऐकलं तर वेगळंच कळतं. सकाळी अकराला ‘या आजी’ म्हणणारा मुलगाच संध्याकाळी साडेसातला ‘सुट्टे नसतील तर राहू द्या’ म्हणून वसकन अंगावर येतो. आठ तासांत त्याचे संस्कार बदललेले नसतात. गल्ल्यातल्या दहाच्या नोटा संपलेल्या असतात, समोर सात जण एकदम हात पुढे करत असतात आणि दुपारपासून तो बसलेला नसतो.

म्हणून आधी मांडणी सुधारा आणि मग बोलणं. उलट क्रमाने केलं तर दोन दिवस ‘नमस्कार, या’ ऐकू येतं आणि तिसऱ्या दिवशी सगळं मूळपदावर येतं. पुढचं सगळं चार ते सहा माणसांच्या मिठाई-फरसाणाच्या दुकानाला धरून लिहिलं आहे. किराणा, मेडिकल, बेकरी यांनी आपापल्या मालाप्रमाणे फेरफार करावेत.

आधी आठवडाभर फक्त ऐका

कुणालाही काही न सांगता सहा दिवस एक वही ठेवा. आवाज चढला की तीन गोष्टी टिपायच्या: वेळ, कशावरून चढला आणि नेमकं कोणतं वाक्य निघालं. नाव लिहू नका. नाव लिहिलंत की वही पोरांच्या कानावर जाते आणि मग तुम्हाला खरं ऐकू येत नाही. आठवड्याच्या शेवटी कारणांचे गट पाडा: सुट्टे, आधी कुणाचा नंबर, वजन, संपलेला माल, ऑनलाइन पैसे, परत आणलेली वस्तू, भावावरून टोमणा. या सहा-सात गटांबाहेर फारसं काही उरत नाही. वेळाही ठरावीक निघतात: जेवणाच्या आधीचा अर्धा तास, संध्याकाळी सहा ते साडेआठ आणि शटर ओढायच्या आधीची पंधरा मिनिटं.

सुट्टे

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात आणि सगळ्यात स्वस्तात मिटतातही इथेच. गल्ला उघडताना ठरावीक मोड आत असलीच पाहिजे. मध्यम दुकानाला साधारण एवढी पुरते: शंभराच्या १०, पन्नासच्या २०, वीसच्या २५ आणि दहाच्या ५० नोटा, पाचची ६०, दोनची ५० आणि एकची १०० नाणी. हे झाले ३,५०० रुपये. रात्री गल्ला मोजताना ही रक्कम याच रूपात बाजूला काढून ठेवायची, बाकीचे पैसे बँकेत. बहुतेक ठिकाणी चुकतं ते इथेच: रात्री सगळेच मोजून घरी नेतात आणि सकाळी भवानीच्या गिऱ्हाइकाने पाचशेची नोट काढली की पहिलाच संवाद ‘सुट्टे द्या’ असा होतो. जवळच्या देवळाच्या विश्वस्तांशी बोलून ठेवलं तर दानपेटीतली नाणी नोटा देऊन मिळतात. दोघांचीही सोय होते.

दुसरा उपाय दरातच आहे. किलोचा दर २० च्या पटीत ठेवला तर पाव किलोची किंमत पाचच्या पटीत येते: ६४० चा पाव किलो १६० ला. पण शंभर ग्रॅमने विकत असाल तर तोच दर ६४ रुपयांवर जातो आणि रुपयाची शोधाशोध सुरू होते. शंभर ग्रॅमचं गिऱ्हाईक जास्त असेल तर दर १०० च्या पटीत ठेवा, म्हणजे ६०० ला ६० आणि पावाला १५०. फलकावर लिहिलेला दर करासकट असू द्या. बिलावर वेगळा कर चढवून १६८ रुपये झाले की पोरगा दोन रुपयांसाठी बोलणी खातो, आणि तो निर्णय त्याचा नसतो.

दोन रुपयांऐवजी चॉकलेट पुढे सरकवू नका. ‘दोन रुपये कमी आहेत, चॉकलेट चालेल का, की पुढच्या वेळी देऊ?’ असं विचारा आणि नको म्हटलं तर दोन रुपये सोडा. दहाचं नाणं ‘चालत नाही’ म्हणून परत करणारी दुकानं अजून आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं आहे की दहाच्या नाण्यांचे तेव्हाचे चौदाही प्रकार चलनात वैध आहेत. काउंटरवरच्या प्रत्येकाला हे माहीत हवं.

पैसे घेण्या-देण्याची रीतही शिकवावी लागते. नोट हातात आली की मोठ्याने म्हणायचं, ‘पाचशे दिलेत.’ ती नोट लगेच गल्ल्यात टाकायची नाही. गल्ल्याच्या फळीवर आडवी ठेवायची, उरलेले पैसे मोजून उजव्या हाताने गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि मगच ती आत टाकायची. ‘मी पाचशे दिले होते, तुम्ही दोनशेचेच परत देताय’ हा वाद एवढ्यानेच बंद होतो. पैसे काचेवर फेकायचे नाहीत. सपाट काचेवरचं नाणं नखाने उचलता उचलता माणसाचा जो अपमान होतो तो नंतर कितीही गोड बोललं तरी भरून येत नाही. खोलगट ताटली ठेवली तर निदान नाणं बोटांत येतं.

काट्यापाशी

काट्याचे आकडे गिऱ्हाइकाला वाकून बघावे लागत असतील तर तिथेच संशय सुरू होतो. दोन बाजूंनी आकडे दिसणारा काटा घ्या आणि त्याच्यापुढे बरण्या रचू नका. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दर वर्षी फेरपडताळणी करून घ्यावी लागते. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावा.

मग खोका. रिकामा खोका काट्यावर, बटण दाबून शून्य, मग मिठाई. खोक्यासकट वजन करणं बेकायदा आहेच, आणि हिशोबानेही ते गिऱ्हाइकाच्या लक्षात येतं: खोका ५० ग्रॅमचा धरला तर ६४० रुपये किलोच्या मिठाईत ३२ रुपये पुठ्ठ्याचे. शून्य करताना ‘खोका वजा केला हं’ एवढं म्हणायचं. बोललं नाही तर समोरच्याने ते पाहिलेलं नसतं आणि घरी जाऊन तो पुन्हा मोजतो.

आणखी एक बारीक गोष्ट. पाव किलो मागितल्यावर एकदम ३०० ग्रॅम टाकून मग तुकडे काढायला लागलं, की बघणाऱ्याला आपल्या ताटातलं उचलल्यासारखं वाटतं. आधी २२०-२३० ग्रॅम टाका आणि वर एकेक तुकडा चढवत न्या. माल तेवढाच, पण दिल्यासारखं दिसतं. थोडं जास्त झालंच तर आकडा सांगून विचारा: ‘दोनशे साठ होतंय, राहू दे का काढू?’ ‘चालेल ना?’ असं वजन न सांगता विचारणं म्हणजे दहा ग्रॅम गळ्यात मारणं.

पिशवी उघडायला बोट जिभेला लावणं आणि फुंकर मारणं बंद. ओला स्पंज एका वाटीत ठेवला की काम होतं. पैशांना लागलेला हात मिठाईला लावायचा नाही, चिमटा वापरायचा. चिमटे प्रत्येक ट्रेला वेगळे नसतील तर पोरं घाईत हातच घालतात. त्यांना ओरडण्याआधी चिमटे मोजा.

गर्दीत

आपल्याकडे मिठाईच्या दुकानात रांग लागत नाही, कोंडाळं होतं. कोंडाळ्यात ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी, आणि मुकाट उभी असलेली बाई शेवटी चिडून निघून जाते. सणाच्या आदल्या दिवशी तीन कामं तीन माणसांत वाटा: एकजण मागणी घेऊन वजन करेल, एकजण बांधेल, एकजण पैसे घेईल. एकाच माणसाने तिन्ही केलं तर प्रत्येक गिऱ्हाइकामागे हात धुणं, गल्ला, दोरा असं सगळं लागतं आणि तो कुणाच्याच तोंडाकडे बघत नाही. टोकन ठेवायला मशीन लागत नाही. जाड पुठ्ठ्याचे १ ते ५० आकडे आणि खिळा पुरे.

टोकन नसेल तेव्हा तीन माणसांचा नियम: पहिल्याचं काम, दुसऱ्याला एक वाक्य, तिसऱ्याकडे नजर. ‘हे बांधून झालं की तुमचंच घेतो’ हे कानावर पडलेला माणूस पाच मिनिटं शांत उभा राहतो. न बोलता तेवढाच वेळ ठेवलात तर दोन मिनिटांत काचेवर नाण्याची टकटक सुरू होते. ‘माझं फक्त पाव किलो आहे’ म्हणून मध्ये घुसणाऱ्याला नाही म्हणायचं, पण आधीच्या माणसाला पुढे करून: ‘या काकांचं आधी आहे, लगेच देतो तुमचं.’ कुणाला पुढे घ्यावंच लागलं, कडेवर मूल असलेली बाई म्हणा किंवा काठी टेकत आलेले आजोबा म्हणा, तर रांगेतल्या पहिल्याला विचारून. विचारल्यावर नाही म्हणणारा माणूस विरळा.

गर्दीच्या दिवशी पाव आणि अर्ध्या किलोचे खोके चारच्या आत भरून ठेवणं सोयीचं असतं. मात्र गिऱ्हाईक समोर नसताना भरून ठेवलेलं पाकीट म्हणजे कायद्याच्या भाषेत आवेष्टित वस्तू. त्यावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, तारीख, करासकट किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे छापलेलं लागतं. नुसता रबर लावलेला खोका पुढे केला की ‘हे कधी भरलंय?’ हा प्रश्न येणारच.

तोंडातले शब्द

बहुतेक प्रशिक्षणं इथे फसतात, कारण ती दुसऱ्या भाषेतून उचललेली असतात. ‘मी आपली काय सेवा करू शकतो?’ असं मराठी माणूस बोलत नाही. फरसाणाच्या दुकानात ते ऐकलं तर लोक हसतात. ‘कृपया’ आपण लिहितो, बोलत नाही. मराठीतलं मार्दव क्रियापदात असतं आणि त्याला चिकटलेल्या छोट्या शब्दांत: जरा, हं, ना, हो, का. ‘थांबा’ हा हुकूम आहे. ‘जरा थांबता का, एवढं बांधून होतंय’ ही विनंती आहे. पोरांना ‘कृपया-धन्यवाद’ पाठ करून घेण्यापेक्षा हे ‘जरा’ आणि ‘का’ तोंडात बसवा.

सुरुवातीचं वाक्य बघा. ‘काय पाहिजे?’ यात समोरचा मागतोय. ‘काय देऊ?’ यात आपण देतोय. शब्द तितकेच आहेत, पण दुसरं वाक्य खेकसून म्हणणं जवळजवळ अशक्य आहे. कोल्हापूर-सांगलीकडे ‘बोला पावणं’ शोभतं, नागपुरात ‘बोला भाऊ’ चालतं. पण मान खाली घालून, मोबाइलवर बोट फिरवत म्हटलेलं नुसतं ‘बोला’ कुठेच शोभत नाही.

‘नाही’ एकटं सोडू नका. त्याच्यामागे कधी मिळेल ते, आणि तोवर काय आहे ते सांगा. ‘काजूकतली संपली हो. उद्या दहाला ताजी येईल. आत्ता पिस्ता रोल आहे, दाखवू का?’ यासाठी काउंटरवरच्या माणसाला कारखान्यात काय चाललंय ते माहीत लागतं. रोज सकाळी आणि दुपारी चारला एका पाटीवर लिहा: काय संपत आलंय, पुढचा घाणा कधी. माहिती नसलेला माणूसच ‘माहीत नाही’ म्हणून तोंड फिरवतो.

हाक मारण्यात मोठा घोळ असतो. तिशीतल्या बाईला ‘काकू’ म्हटलं तर ती पुन्हा येईलच असं नाही. ‘आंटी’ तर नकोच. ‘ताई’ आणि ‘दादा’ हे बहुतेकांना चालतं. केस पांढरे झालेल्यांना काका, काकू, आजी, आजोबा. खरी खोच पुढे आहे. एकच दुकान जीन्समधल्या बाईला ‘मॅडम’ म्हणतं आणि नऊवारीतल्या बाईला ‘ए मावशी, काय पायजे’. मावशी हा शब्द वाईट नाही, वाईट आहे ती निवड. नियम एकच ठेवा: सगळ्यांना तीच हाक, सगळ्यांना ‘तुम्ही’. कॉलेजातल्या पोरालाही ‘तुला काय देऊ’ नको. आईने चिठ्ठी देऊन धाडलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला ‘तू’ म्हटलेलं गोड वाटतं. फक्त त्याला किती परत दिले ते चिठ्ठीच्या मागे लिहून द्या.

कामावर परप्रांतातली मुलं असतील तर त्यांचा उद्धटपणा बऱ्याचदा व्याकरणाचा असतो. ती मराठी शिकतात ती कारखान्यात, आणि तिथे दिवसभर कानावर पडतं ‘घे, ठेव, उचल, सांग’. तेच काउंटरवर येतं आणि समोरच्या आजोबांना ‘सांग’ ऐकावं लागतं. त्यांना व्याकरण नको, तयार वाक्यं द्या. देवनागरीत एका कार्डावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा:

या, काय देऊ?
किती देऊ, पाव की अर्धा?
चव बघता का?
जरा थांबता का, तुमचंच घेतो.
खोका वजा केला हं.
दोनशे साठ होतंय, राहू दे का काढू?
अजून काही?
एकशेसाठ झाले.
पाचशे दिलेत.
सुट्टे आहेत का? नसतील तर बघतो.
ते संपलंय हो, उद्या दहाला येईल.
या हं परत.

बारा वाक्यांत नव्वद टक्के काम भागतं असं म्हणायला हरकत नाही. मराठी मुलांनाही हेच कार्ड लागू.

भावावरून टोमणा येतोच: ‘साडेसहाशे? काय सोनं घातलंय का?’ त्यावर ‘परवडत नसेल तर राहू द्या’ हे वाक्य निघालं की ते गिऱ्हाईक कायमचं गेलं, आणि त्याच्याबरोबर त्याची सोसायटीही. एका ओळीत कारण, लगेच पुढचा प्रश्न: ‘साजूक तुपातली आहे हो. पाव किलो देऊ का?’ कारण अर्थातच खरं हवं. टोमण्याला टोमणा देण्यात आपली पोरं तरबेज असतात आणि बाकीची हसतात. ते हसणं मालकाने थांबवलं तर टोमणा आपोआप थांबतो.

‘ताजं आहे का?’ या प्रश्नाला ‘आमच्याकडे सगळं ताजंच असतं’ हे उत्तर देऊ नका. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईच्या प्रत्येक ट्रेपाशी ‘या तारखेपर्यंत उत्तम’ अशी तारीख लावणं बंधनकारक आहे. तारीख रोज बदलत असाल तर बोट दाखवायचं आणि सांगायचं, ‘कालच केलंय, परवापर्यंत घ्या.’ महिनाभरापूर्वीची पाटी तशीच लटकत असेल तर कितीही नम्र पोरगा अडचणीत येणार.

पैसे आले की नाही

ऑनलाइन पैशांचा स्पीकर बोलला नाही की दोघांचेही आवाज चढतात, कारण दोघांनाही समोरचा फसवतोय असं वाटतं. क्रम ठरवून द्या. आधी साधारण मिनिटभर थांबा आणि तोवर माल बांधा. मग गिऱ्हाइकाचा स्क्रीन मागण्याआधी दुकानाच्या ॲपमध्ये बघा, कारण अनेकदा पैसे आलेले असतात आणि स्पीकरचं नेट किंवा चार्जिंग गेलेलं असतं. तिथेही दिसत नसतील तर म्हणायचं, ‘तुमच्याकडून गेलेत, आमच्याकडे अजून दिसत नाहीत.’ ‘पैसे आले नाहीत’ एवढंच म्हणणं म्हणजे समोरच्याला चोर ठरवणं.

खात्यातून पैसे गेले आणि दुकानाला पोचल्याची खात्री झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे शांतपणे सांगता आलं तर निम्मा राग उतरतो. मग बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि रक्कम वहीत लिहून घ्या. किती रुपयांपर्यंत माल विश्वासाने द्यायचा हे मालकाने आधी ठरवून सांगावं. ३०० ही ठीक मर्यादा आहे. ती ठरलेली नसेल तर पोरगा स्वतःच्या पगारातून कापले जातील या भीतीने भांडतो.

बिलासाठी मोबाइल नंबर मागायचा तर ‘द्यायचा असेल तर’ हे शब्द आधी. नंबर दिल्याशिवाय बिल नाही, असा आग्रह धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे.

बिघडलेलं श्रीखंड परत आलं तर

डबा आधी हातात घ्या. काचेच्या पलीकडून ‘काय झालं?’ विचारलं की गिऱ्हाईक सगळ्या दुकानाला ऐकवतं. डबा घेऊन बाजूला या आणि विचारा: कधी नेलं होतं, घरी कुठे ठेवलं होतं? ‘बिल आहे का?’ हा प्रश्न तिसरा, पहिला नाही. वास घेऊन बघा. शंका असेल तर गिऱ्हाइकाच्या बाजूने निर्णय द्या, पैसे किंवा माल जे मागेल ते. त्याच घाण्याचे उरलेले डबे लगेच आत न्या. परत आणणारी एक बाई म्हणजे गप्प बसलेली आणखी चार घरं, हे जुने हलवाई जाणून असतात.

इथे एक वाक्य पूर्ण बंद करा: ‘आमच्याकडे असं कधी होत नाही.’ म्हणजे बाई खोटं बोलतेय. त्याऐवजी: ‘खराब झालंय खरं. बदलून देतो.’

काउंटरवरच्या जुन्या माणसाला ५०० रुपयांपर्यंत मालकाला न विचारता परत देण्याची मुभा असावी. फोन लागत नाही म्हणून गिऱ्हाइकाला वीस मिनिटं ताटकळत ठेवण्यातून जे भांडण होतं त्याची किंमत पाचशेहून जास्त असते. कायद्याचंही भान असू द्या: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. बिल न देणंही त्यातच येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आता बऱ्याच लोकांना पाठ आहे.

पाट्या

पुणेरी पाट्यांवर हसायला मजा येते, पण आपल्या दुकानात लावायची पाटी वेगळ्या कामाची असते. पाटीने प्रश्नाचं उत्तर द्यावं, राग काढू नये. ‘दुपारी १ ते ४ दुकान बंद’ ही उत्तम पाटी आहे, माणसाचा हेलपाटा वाचतो. तिच्याखाली ‘बंद म्हणजे बंद’ लिहिलं की ती बिघडली. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ काढून टाका. सदोष मालाबाबत ती कायद्यात बसतच नाही. ‘सुट्टे पैसे द्यावेत, वाद घालू नये’ ऐवजी ‘सुट्टे असतील तर लवकर होईल’. ‘मालाला हात लावू नये’ ऐवजी ‘सांगा, आम्ही काढून देतो’. काचेवर एकूण चारपेक्षा जास्त पाट्या नकोत. त्यापुढे कुणी वाचत नाही आणि मग ‘वाचता येत नाही का’ हे बोलणं सुरू होतं.

पोरांचे पाय

दहा तास उभा असलेला माणूस नम्र राहत नाही. काउंटरच्या आत दोन उंच स्टुलं ठेवा आणि गिऱ्हाईक नसताना बसायला सांगा. बसलेलं दिसलं की ‘काम नाही का?’ म्हणणारे मालक बरेच आहेत. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्याने सक्तीचं केलं. आपण कायद्याची वाट बघायचं कारण नाही. जेवणाची सुट्टी पाळीपाळीने आणि पूर्ण अर्ध्या तासाची द्या, गर्दी सुरू व्हायच्या आधी. संध्याकाळी पाच-साडेपाचला चहा आणि खायला काहीतरी. उपाशीपोटी मिठाई तोलणारा साताला चिडतोच.

आणि मालकाचं तोंड. गल्ल्यावरून ‘ए बावळट, तिकडे बघ’ असं गिऱ्हाइकासमोर ऐकलेला मुलगा ते पुढच्या माणसाला देऊन टाकतो. चूक सांगायची तर शटर ओढल्यावर, एकट्याला. उलट, गिऱ्हाईक पोराला ‘ए छोटू’ म्हणून चुटकी वाजवत असेल तर मालकाने मध्ये पडावं: ‘त्याचं नाव गणेश आहे हो, तो देतोय तुमचं.’ एकदा मालक असा उभा राहिला की पुढचे सहा महिने त्याला शिष्टाचार शिकवावा लागत नाही.

शिकवायचं कसं

दुकान उघडायच्या आधी पंधरा मिनिटं, दोन आठवडे. एका दिवशी एकच गोष्ट. पहिल्या दिवशी ‘काय देऊ?’, दुसऱ्या दिवशी नोट मोठ्याने म्हणणं, तिसऱ्या दिवशी काटा शून्य करणं. एक जण गिऱ्हाईक, एक जण काउंटर, मग अदलाबदल. गिऱ्हाईक झालेल्या पोराला मुद्दाम तिरसट वागायला सांगा. स्वतः काचेच्या बाहेर उभं राहून ‘थांबा’ ऐकलं की ते कसं लागतं हे त्याला पटतं, व्याख्यानाने पटत नाही. उद्धट बोलल्याबद्दल दंड कापू नका, त्याने पोरं गप्प होतात, नम्र होत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात घसरण होते, ती धरूनच चाला. तेव्हा पहिली वही पुन्हा काढा आणि दोन दिवस टिपा. जे कारण परत वर आलं असेल तिथली मांडणीच ढासळलेली असते: मोड कमी पडतेय, स्टूल अडगळीत गेलंय, पाटीवर घाण्याची वेळ लिहिलेली नाही.

शटर

शेवटची पंधरा मिनिटं वेगळी सांभाळावी लागतात. नऊला बंद करायचं असेल तर पावणेनऊला ट्रे झाकायला घेऊ नका, दिवे मालवू नका आणि झाडूही काढू नका. आत असलेल्या माणसाच्या पायांशी केर लोटणं म्हणजे त्याला बाहेर ढकलणंच. नऊ वाजता एक जण शटरपाशी उभा राहील, अर्धं ओढून. आत असलेल्यांचं काम आरामात पुरं करायचं आणि बाहेरून येणाऱ्याला वाकून बघायला लावण्याऐवजी त्या माणसाने दोन पावलं पुढे जाऊन सांगायचं: ‘बंद झालं हो, सकाळी आठला उघडतो. अगदी नड आहे का?’ पेढ्याचे पाव-पाव किलोचे चार खोके लेबल लावून गल्ल्याजवळ तयार ठेवले तर नड असलेल्याला उभ्या उभ्या देता येतात. साडेआठला निकाल कळून पेढे घ्यायला धावत आलेला बाप, दवाखान्यातून बाळाची बातमी घेऊन निघालेली आत्या, असली माणसं बहुतेक नऊ वाजून पाच मिनिटांनीच येतात.